मॅरेथॉनचा वार आणि रुग्णवाहिकेची वाट

शहरात मॅरेथॉन घ्यायची ठरली की आयोजकांच्या बैठकीत टी-शर्टचा रंग, पदकाचा आकार, पाहुणे कोण आणि बक्षीस किती यावर तास न् तास चर्चा होते. वार मात्र एका वाक्यात ठरतो. ‘रविवार ठेवू, सगळ्यांना सुट्टी असते.’ बहुतेक वेळा हा निर्णय बरोबरच असतो. पण तो कोणासाठी बरोबर आहे आणि कोणत्या अटींवर बरोबर आहे, हे कोणी तपासत नाही. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ते तपासायला हवे. मॅरेथॉनच्या सकाळी रस्त्यावर धावणारे असतात, तसेच त्याच रस्त्याने कोणाला तरी रुग्णालयही गाठायचे असते. त्या माणसाने स्पर्धेत नाव नोंदवलेले नसते आणि त्याला वार निवडण्याची मुभाही नसते.

सुट्टीचा वार, धावण्याचा वार

रविवारची सुट्टी आपल्याकडे आपोआप आलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती लढून मिळवली. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी सुरू झाली. पुढे शाळा, कचेऱ्या आणि बँका यांचे सारे वेळापत्रक याच वाराभोवती बसले. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, ती याच कारणाने. त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात, रस्ते मोकळे असतात आणि पोलीस बंदोबस्त लावणे सोपे जाते.

जिथे सुट्टीचा वार वेगळा, तिथे मॅरेथॉनचा वारही वेगळा. जेरुसलेमची मॅरेथॉन शुक्रवारी होते. दुबईचीही शुक्रवारीच होत असे. २०२२ च्या सुरुवातीला संयुक्त अरब अमिरातीने साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारवर नेली आणि दुबईची मॅरेथॉनही रविवारी भरू लागली. १८९७ पासून चालत आलेली अमेरिकेतील बोस्टनची मॅरेथॉन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असते, कारण त्या राज्यात त्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. थोडक्यात, शर्यतीचा वार ठरवताना जगभर एकच प्रश्न विचारला जातो: लोक मोकळे कधी असतात?

परभणीत हा प्रश्न जरा अवघड होतो. शेतमजुराला, हमालाला, हॉटेलातल्या कामगाराला रविवार इतर दिवसांसारखाच असतो. अनेक गावांत आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते आणि थोडी उसंतही त्याच दिवशी मिळते. खुद्द परभणी शहरात ‘शनिवार बाजार’ हे एका भागाचेच नाव आहे. जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर नेमाने धावताना दिसतात ती पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्यासाठी ती महिनोन्महिने घाम गाळतात. जिल्ह्यातल्या कोणत्याही शर्यतीत पुढे राहणारी हीच मुले असणार. पण स्पर्धा परीक्षांचे पेपर बहुधा रविवारीच असतात. म्हणजे ‘सगळ्यांना सुट्टी’ या वाक्यातले ‘सगळे’ कोण, हे एकदा मोजून घ्यायला हवे. निदान परीक्षांचे वेळापत्रक पाहून रविवार निवडावा, एवढे तरी सहज जमण्यासारखे आहे.

उपवासाचाही वार असतो

मराठी घरांत वाराला आणखी एक अर्थ आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या वारांना अनेकांचा उपवास असतो. आदल्या रात्रीपासून पोटात फारसे काही नाही आणि पहाटे १० किंवा २१ किलोमीटरची दौड, हे शरीराला मानवत नाही. यकृतात साठवलेली साखर रात्रभरात बरीच खर्च झालेली असते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी धाव घेतली, तर रक्तातील साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी येऊ शकते. रविवारचा उपवास त्या मानाने कमी घरांत असतो, ही या वाराची एक जमेची बाजू. मात्र एकादशी आणि संकष्टी कोणत्याही वारी येतात. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. तारीख ठरवताना पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका दोन्ही समोर ठेवल्या, तर हा धोका टळतो आणि मोठा समाज शर्यतीबाहेरही राहत नाही.

दुसऱ्या दिवसाचाही विचार हवा. सवयीपेक्षा जास्त धावल्यावर स्नायू सर्वाधिक दुखतात ते त्याच दिवशी नाही, तर पुढच्या एक ते तीन दिवसांत. रविवारी धावलेला माणूस मंगळवारी जिना उतरताना कण्हतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला हे निभावते. सोमवारी वाकून कापूस वेचायचा असेल किंवा पोती उचलायची असतील, त्याचे हाल होतात. स्टॉकहोमसारख्या शहरात मॅरेथॉन शनिवारी घेतली जाते, त्यामुळे धावपटूंना रविवार विश्रांतीसाठी उरतो. महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हापासून निदान सरकारी कर्मचाऱ्यांना शनिवार मोकळा आहे. मग शनिवार का नको? त्याचे उत्तर रुग्णालयाच्या दारात मिळते.

न धावणाऱ्यांचा हिशेब

२०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक वेगळा अभ्यास प्रसिद्ध झाला. मॅरेथॉनमुळे धावणाऱ्यांचे काय होते, हा नेहमीचा प्रश्न संशोधकांनी बाजूला ठेवला आणि न धावणाऱ्यांचे काय होते, हे पाहिले. अमेरिकेतील ११ मोठ्या शहरांत २००२ ते २०१२ या काळात मॅरेथॉनच्या दिवशी हृदयविकाराचा झटका येऊन किंवा हृदय बंद पडून रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. तुलनेसाठी घेतले ते त्याच शहरांतील आधीच्या आणि नंतरच्या पाच आठवड्यांतले तेच वार. रविवारची तुलना रविवारशीच केली. वाराप्रमाणे रहदारी, डॉक्टरांची हजेरी आणि रुग्णांची संख्या बदलते, म्हणून ही खबरदारी महत्त्वाची होती.

निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. मॅरेथॉनच्या दिवशी दाखल झालेल्यांपैकी २८.२ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. इतर दिवशी हे प्रमाण २४.९ टक्के होते. म्हणजे दर १०० रुग्णांमागे सुमारे ३ मृत्यू अधिक. आणि कारण? दुपारी बाराच्या आत रुग्ण उचलून रुग्णालयात पोहोचायला रुग्णवाहिकांना सरासरी ४.४ मिनिटे जास्त लागली. रस्ते खुले झाल्यावर, संध्याकाळी, हा फरक उरला नाही.

चार मिनिटांनी काय होते, असे वाटू शकते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मिनिटागणिक मरत जातो. हृदय पूर्ण बंद पडले आणि कोणी छातीदाब दिला नाही किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. शिवाय हे सरासरी मिनिटांचे आकडे आहेत. कोणाला काहीच उशीर झाला नसेल, तर कोणाला बराच झाला असेल. काही जण तर ‘आज रस्ते बंद आहेत’ म्हणून घरीच थांबून राहिले असतील.

त्यात वेळेचा एक दुर्दैवी योग आहे. हृदयविकाराचे झटके चोवीस तासांत सारखे विखुरलेले नसतात. सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात ते जास्त येतात. १९८५ च्या एका गाजलेल्या अभ्यासात सकाळी नऊच्या सुमारास झटक्यांचे प्रमाण रात्री अकराच्या सुमारे तिप्पट आढळले होते. जागे झाल्यावर रक्तदाब वाढतो, नाडी वेग घेते, ताणाची संप्रेरके वाढतात आणि रक्त गोठण्याकडे झुकते. नेमक्या याच तासांत मॅरेथॉनसाठी रस्ते बंद असतात. वारांतही फरक आहे. नोकरदारांमध्ये सोमवारी झटक्यांचे प्रमाण जास्त असल्याचे काही देशांतील अभ्यासांत दिसले आहे. म्हणून कामाच्या दिवशी, त्यातही सोमवारी सकाळी, शहराचे मुख्य रस्ते अडवणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकेतील २६ मॅरेथॉनच्या ३० वर्षांतील नोंदी तपासल्या होत्या. सुमारे ३३ लाख धावपटूंपैकी २६ जणांचा अचानक हृदय बंद पडून मृत्यू झाला. त्याच वेळी रस्ते वाहनांना बंद असल्याने अपघातांतील अंदाजे ४६ मृत्यू टळले. धावपटूंचा धोका तसा फारच थोडा असतो, हे दुसऱ्या एका मोठ्या पाहणीतही दिसले. २००० ते २०१० या काळात अमेरिकेत १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये ५९ जणांचे हृदय बंद पडले. पूर्ण मॅरेथॉनमधला धोका अर्ध्या मॅरेथॉनच्या जवळजवळ चौपट होता. तेव्हा शर्यतच नको, असा अर्थ यातून निघत नाही. शर्यतीची जोखीम केवळ धावणाऱ्यांपुरती नसते आणि नियोजनाने ती कमी करता येते, एवढाच अर्थ निघतो.

रविवारचे रुग्णालय

आता परभणी जिल्ह्याकडे पाहू. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणी सुमारे ४० किलोमीटर. सोमवार ते शनिवार सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाकडे एसटीने, रिक्षाने, दुचाकीवरून माणसे येत असतात. गरोदर माता, रक्तदाबाची गोळी न्यायला आलेले आजोबा, कुत्रा चावलेले लेकरू. शनिवारी मुख्य रस्ते बंद केले तर या सगळ्यांचा दिवस आणि मजुरी बुडते. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, रस्त्यावर एवढी माणसे नसतात. शनिवारपेक्षा रविवार बरा, तो या हिशेबाने.

पण तातडीच्या रुग्णाला रविवार-सोमवार नसतो. बाळंतपणाच्या कळा, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, छातीतली कळ, ही सगळी कोणत्याही वारी येतात. उलट रविवारी रुग्णालयात माणसे कमी असतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ३८ लाख तातडीच्या दाखल रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या १०० प्रमुख कारणांपैकी २३ आजारांत शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांचे मृत्युप्रमाण अधिक होते. यामागे रुग्ण जास्त गंभीर असतात की मनुष्यबळ कमी असते, यावर वैद्यकीय जगात अजून वाद आहे. पण ज्या दिवशी तुम्ही हजारो माणसांना दमवणार आहात, तो दिवस रुग्णालयाच्या तुटपुंज्या हजेरीचा असू नये, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

सरकारी आरोग्य यंत्रणेचा रविवारही रिकामा नसतो. १९९५ पासून चालू असलेल्या पल्स पोलिओ मोहिमेने ‘पोलिओ रविवार’ हा शब्दच घरोघरी नेला. आई-बाप घरी सापडतात, म्हणून बूथचा दिवस रविवारचा. २०२० मध्ये १९ जानेवारीचा रविवार मुंबई मॅरेथॉनचा होता आणि देशभरातील पोलिओ लसीकरणाचाही होता. मुंबईत असे दोन कार्यक्रम एका दिवशी सामावतात, तिथे रुग्णालयांची संख्याच मोठी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र बूथवरची परिचारिका आणि मॅरेथॉनच्या वैद्यकीय मंडपातली परिचारिका बहुधा एकच असते. पुढच्याच वर्षी १६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा दुसऱ्या दिवशीची पोलिओची फेरी ३१ जानेवारीवर ढकलण्यात आली. एकाच यंत्रणेवर एकाच वेळी दोन ओझी टाकू नयेत, हे त्यामागचे साधे शहाणपण आयोजकांनाही लागू पडते.

वार बरोबर, वेळ चुकीची

वार नेमका निवडूनही बाकीचे चुकले तर काय होते, याची आठवण महाराष्ट्राला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला झालेला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा रविवारीच होता. उघड्या मैदानात, चढत्या उन्हात लाखोंचा समुदाय तासन् तास बसला आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ती माणसे धावत नव्हती, बसलेली होती. धावणाऱ्याचे शरीर तर स्वतःच भट्टीसारखी उष्णता तयार करते. २००७ मध्ये ऑक्टोबरच्या एका रविवारी शिकागोची मॅरेथॉन अवेळी आलेल्या उकाड्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवार दगावले, तेव्हाही जूनचा दमट उकाडा होता.

तारखेला बांधलेल्या दौडींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ३१ ऑक्टोबरची एकता दौड असो किंवा १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त कोणी दौड ठेवो, तारीख पक्की असली की वार दरवर्षी सरकतो. कधी तो कामाचा दिवस निघतो, कधी सणाचा. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबर दिवाळीत आला, म्हणून देशभरातील एकता दौड २९ तारखेलाच घेतली गेली. निमित्त जपून दिवस हलवता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. सप्टेंबरातली परभणी दमट असते. त्या दिवसाचा मान राखायचा असेल, तर अंतर तीन किंवा पाच किलोमीटरचे ठेवून लांब पल्ल्याची शर्यत थंडीत घेणे शहाणपणाचे.

परभणीसाठी सोयीचा दिवस

हे सारे जमेस धरले, तर परभणीला डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा काळ आणि त्यातला रविवार सर्वांत सोयीचा. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील किमान तापमानाचे आकडे या दिवसांत वर्तमानपत्रांत झळकतात. लांब धावण्याला १० अंशांच्या आसपासची हवा चांगली मानवते. हिवाळ्यात रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, म्हणून अंग गरम करूनच धाव घ्यावी, हे मात्र वडीलधाऱ्यांनी विसरू नये. पौषात लग्ने कमी असतात, त्यामुळे वरातींची गर्दी नसते. फेब्रुवारीत उरुसाची वर्दळ सुरू होते, ती टाळता येते. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर मात्र याच हंगामात पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. मार्ग ठरवताना कारखान्यांकडे जाणारे रस्ते वगळावेत.

रविवार ठरला की त्याच्या अटीही ठरवाव्यात. पहिली अट, शर्यत पहाटे सुरू होऊन नऊच्या आत संपावी. त्यासाठी २१ किलोमीटरपुरतेच थांबणे बरे. दुसरी, मार्गाने जिल्हा रुग्णालयाची वाट कोणत्याही बाजूने कापू नये. वसमत रस्त्याने गंभीर रुग्ण नांदेडला नेले जातात, तो रस्ता पूर्ण अडवणे टाळावे. शक्य असेल तर परवानगी घेऊन कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरातच फेऱ्यांची शर्यत आखावी. तिसरी, शर्यत ओलांडून रुग्णवाहिका सोडण्याच्या जागा आधीच नेमाव्यात आणि तिथे धावपटूंना थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस उभा करावा. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाला आणि चालकांना मार्गाचा नकाशा आठवडाभर आधी मिळावा. शर्यतीच्या मंडपासाठी रुग्णवाहिका लागेल, ती तालुक्याची १०८ काढून न घेता वेगळी ठेवावी.

चौथी अट रुग्णालयाची. त्या रविवारी सकाळी अपघात विभागात सोमवारइतके डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ असावेत. मंडपात बर्फ, पाण्याची मोठी टाकी, साखर तपासण्याचे यंत्र आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र हवे. उष्माघाताचा रुग्ण आधी थंड करायचा आणि मग हलवायचा, हे स्वयंसेवकांना माहीत हवे. छातीदाब शिकायला एक संध्याकाळ पुरते. भरतीची तयारी करणारी मुले हे काम आनंदाने शिकतील आणि ते ज्ञान शर्यत संपल्यावरही जिल्ह्यात राहील.

नागरिकांनीही एक लक्षात ठेवावे. मॅरेथॉनच्या सकाळी छातीत दुखू लागले, दम लागला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर रस्ते खुले होण्याची वाट पाहत घरी बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा आणि बंद रस्त्यावर उभ्या पोलिसाला सांगावे. शर्यत दोन मिनिटे थांबली तर कोणाचे पदक जात नाही. त्या दोन मिनिटांत रुग्णवाहिका पलीकडे जाऊ शकते.